फोटोच्या मागे काय लिहिलंय?

तुमच्या घरात जुन्या फोटोंचा एखादा डबा नक्की असेल. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, साडीचा खोका, नाहीतर माळ्यावरची जुनी सूटकेस. आमच्या इंदूरच्या घरात तो साडीचा खोका आहे. दिवाळीच्या साफसफाईत वर्षातून एकदा तो खाली उतरतो. सगळे दहा मिनिटं फोटो बघतात, "अगं, ही कोण?" असं दोन-चारदा विचारून होतं आणि खोका परत वर जातो.

आज मात्र मी तुम्हाला दुसऱ्याच एका खोक्याबद्दल सांगणार आहे. तो बुटांचा होता आणि होता इंग्लंडमध्ये, लीड्स शहरात. त्यात माणसांचे फोटो जवळपास नव्हतेच. होती ती सगळी इंजिनं. वाफेवर चालणारी, कोळसा खाणारी, धूर सोडणारी ब्रिटिश रेल्वेची जुनी इंजिनं.

मी तिथे कशी पोहोचले? माझी मावसबहीण लीड्सला असते. तिच्या बाळंतपणासाठी मावशी निघाली होती आणि तिला एवढा मोठा विमानप्रवास एकटीने करायचा नव्हता. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होणारं. "हिला घेऊन जा सोबत," असं आईने परस्पर ठरवून टाकलं. मावशीच्या बॅगेत डिंकाचे लाडू होते आणि माझ्या डोक्यात लंडन. लंडन शेवटपर्यंत राहूनच गेलं, कारण बाळ लीड्समध्ये होतं.

ताईच्या घराला लागून एक घर आहे, मधली भिंत एकच. तिथे एक ऐंशी पार केलेले गृहस्थ एकटे राहायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं की नावाने हाक मार. पण माझी जीभ काही वळेना. शेवटी मी त्यांना विचारलं, "आजोबा म्हटलं तर चालेल का?" अर्थ सांगितला. ते हसले आणि दोन-तीनदा तो शब्द म्हणून बघितला. तेव्हापासून ते आजोबाच.

मावशीने एका डब्यात चार लाडू घालून मला त्यांच्याकडे पाठवलं. दार उघडलं तर आत सगळीकडे खोके. पुढच्या महिन्यात आजोबा मुलीकडे कायमचे राहायला जाणार होते आणि हे घर रिकामं होणार होतं. खोक्यांच्या तीन रांगा होत्या. पहिली मुलीकडे न्यायची, दुसरी दान करायची, तिसरी टाकून द्यायची. बुटांचा खोका तिसऱ्या रांगेत होता.

मी सहज झाकण उघडलं. आत गच्च भरलेले कृष्णधवल फोटो, काही पोस्टकार्डाएवढे, काही त्याहून लहान.

"हे टाकणार?"

"कोणाला हवेत? नुसती इंजिनं आहेत," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "मागे सगळ्यांवर लिहिलेलं नाही. तेव्हा वाटायचं, हे मी विसरणार कसं. आता मलाच आठवेनासं झालंय."

ते वाक्य ऐकल्यावर मला उठून जाता आलं नाही. मी म्हटलं, "आपण बसू या का? तुम्ही सांगा, मी मागे लिहिते." मावशीला वाटलं मी लाडू देऊन पाच मिनिटांत येईन. मी दोन तासांनी आले आणि पुढचे दहा-बारा दिवस संध्याकाळी तिथेच जात राहिले.

आकड्यांवरून ओळख

तुम्हाला वाटेल, इंजिनाच्या फोटोत बोलण्यासारखं काय असतं? मलाही तसंच वाटलं होतं. इंग्रजी साहित्य घेऊन बी. ए. केलेल्या मुलीला इंजिनातलं काय कळणार! पण आजोबा फोटो हातात घेऊन असा वाचायचे, जसं आपण पत्र वाचतो.

पहिली गोष्ट म्हणजे तोंडावरचा नंबर. इंजिनाच्या पुढच्या गोल दारावर एक पट्टी असते, त्यावर आकडा. 1 जानेवारी 1948 रोजी ब्रिटनमधल्या चार मोठ्या खासगी रेल्वे कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि सगळ्या इंजिनांना नव्याने नंबर दिले गेले. एका कंपनीच्या जुन्या नंबरात चाळीस हजार मिळवले, दुसरीच्या नंबरात साठ हजार, तिसरीच्या नंबरात तीस हजार. चौथीचे बहुतेक नंबर तसेच राहिले. म्हणजे पाच आकडी नंबर चारने सुरू होत असला तर ते इंजिन मुळात कुठल्या कंपनीचं हे बहुतेक वेळा लगेच कळतं. आणि चारच आकडे असतील तर एक शक्यता अशी की फोटोच 1948 च्या आधीचा आहे.

त्या पट्टीच्या खाली एक छोटी लंबगोल चकती असते. इंजिन कुठल्या शेडचं, ते त्यावर लिहिलेलं. लीड्समधल्या होलबेक शेडचा खुणेचा आकडा आधी 20ए होता, 1957 पासून 55ए झाला. त्यामुळे एखाद्या फोटोवर तारीख नसली तरी चकती वाचता आली की निदान कुठल्या वर्षाच्या अलीकडचा की पलीकडचा, एवढं ठरतं. मग दिवे बघायचे. पुढच्या दोन्ही बाजूंना खाली एकेक दिवा असेल तर ती जलद गाडी. धुराड्यापाशी वर एकच दिवा असेल तर प्रत्येक स्टेशनावर थांबणारी पॅसेंजर.

आम्ही भिंग घेऊन बसायचो. मी फोनने फोटो काढून मोठा करून दाखवला तर आजोबांना आवडायचं नाही. "भिंगात जास्त स्पष्ट दिसतं," म्हणायचे. दिसायचं नाही, पण मी वाद घातला नाही.

हा छंद त्या काळी ब्रिटनमधल्या हजारो मुलांना होता. त्याला खरा जोर आला तो एका छोट्या पुस्तकामुळे. 1942 मध्ये इयान ॲलन नावाच्या तरुणाने इंजिनांच्या नंबरांची एक पुस्तिका काढली. तो तिकडच्या सदर्न रेल्वेत कारकून होता आणि इंजिनांबद्दल विचारणाऱ्या लोकांच्या पत्रांना उत्तरं देऊन कंटाळला होता. पुस्तिकेत प्रत्येक इंजिनाचा नंबर, आणि असेल तर नाव. फलाटावर उभं राहायचं, इंजिन दिसलं की त्याच्या नंबराखाली रेघ मारायची. बस, एवढाच खेळ. आजोबांकडे तशी एक पुस्तिका अजून होती, पानं सुटलेली, रबर बँड लावलेली.

कॅमेरा त्यांना पहिल्या नोकरीनंतर मिळाला, जुना, दुसऱ्याने वापरलेला. एका रोलमध्ये बारा फोटो. धुवून घ्यायचे पैसे वेगळे. शिवाय वेगात जाणारी गाडी साध्या कॅमेऱ्यात धूसर यायची. म्हणून मग एक तर उभं असलेलं इंजिन टिपायचं, नाहीतर समोरून येणारी गाडी बरीच लांब असतानाच बटण दाबायचं. आज आपण एका पोह्यांच्या प्लेटचे बारा फोटो काढतो. त्यांना बारा फोटोंत महिना काढायचा असायचा.

45593

चौथ्या की पाचव्या संध्याकाळी एक फोटो निघाला. एक निर्जन फलाट, बाजूला दगडी इमारत, आणि समोरून येणारं इंजिन. मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं: डेंट, ऑगस्ट 1967, 45593.

"हिचं नाव काय होतं बरं," असं म्हणत आजोबांनी पुस्तिका उघडली. (इंजिनाला ते 'ती' म्हणायचे. इंग्रजीत तसंच म्हणतात.) पान माझ्यापुढे केलं. 45593 च्या खाली रेघ मारलेली होती आणि शेजारी इंग्रजीत नाव होतं: कोल्हापूर.

मी मोठ्याने ओरडलेच! आजोबा दचकले.

"तुला माहीत आहे हे काय आहे?"

त्यांनी आयुष्यभर ते नाव वाचलं होतं आणि त्यांची समजूत होती की ती कुठलीतरी लढाई असावी. मग मी त्यांना सांगितलं. अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, तालमी, तांबडा-पांढरा रस्सा. चपलांचा फोटो दाखवला. तिथलं रेल्वे स्टेशन आज छत्रपती शाहू महाराजांच्या नावाने ओळखलं जातं, हेही सांगितलं. आजोबांनी चपलांचा फोटो बराच वेळ बघितला.

हे नाव तिथे कसं गेलं, तेही त्या पुस्तिकेच्या पानावरच दिसतं. 1934 ते 1936 या काळात लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेने विल्यम स्टॅनियर यांच्या आराखड्यानुसार 191 इंजिनं बनवली. राजा पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाला 1935 मध्ये पंचवीस वर्षं झाली म्हणून या प्रकाराला जुबिली हे नाव पडलं. इंजिनांना नावं दिली ती साम्राज्यातल्या देशांची, प्रांतांची, संस्थानांची आणि नौदलाशी संबंध असलेली. त्यामुळे ओळीने वाचलं तर बॉम्बे, बंगाल, पंजाब, आसाम, हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, काश्मीर, ग्वाल्हेर, त्रावणकोर, उदयपूर अशी आपली सगळी यादीच लागते. त्यातलं कोल्हापूर 1934 मध्ये ग्लासगोच्या कारखान्यात तयार झालं. ज्यांच्यावर राज्य केलं त्यांची नावं इंजिनांवर पितळेत कोरायची आणि पावसात यॉर्कशरच्या डोंगरातून पळवायची, ही गोष्ट मला गंमतशीर वाटली आणि थोडी खटकलीही. पण मी पुढचा नंबर शोधत होते.

45592. कोल्हापूरच्या अगदी वरची ओळ. इंदूर.

त्याखाली रेघ नव्हती. आजोबांनी मान हलवली. "नाही दिसली मला ती कधी." 1960 नंतरच्या दशकात हे इंजिन भंगारात गेलं. कोल्हापूर मात्र वाचलं. 1967 च्या उन्हाळ्यात ते होलबेक शेडमधून शनिवारच्या जादा गाड्या ओढत होतं आणि त्यासाठी देशभरातून फोटो काढणारे लोक डोंगरात येऊन बसत होते. त्याच वर्षी ते सेवेतून निघालं, पण हौशी लोकांनी ते विकत घेऊन जपलं. 191 पैकी आज चारच शिल्लक आहेत, त्यातलं हे एक. त्या वेळी आजोबा चोवीस वर्षांचे होते, जवळजवळ माझ्याएवढे.

मी ठरवलं, डेंटला जायचं. आजोबांना विचारलं, तर त्यांनी गुडघ्यांकडे बोट दाखवलं. "तू जा. तोच फोटो काढून आण." जाताना मी खोक्यातले दोन फोटो मागून घेतले. एक कोल्हापूरचा. दुसरा त्यांनी आदल्या दिवशीच 'टाकून द्यायचा' या ढिगात ठेवलेला. त्यात गाडीच नव्हती. फलाटावरच्या बाकावर एक तरुण बसला होता, डोळ्यांवर टोपी ओढलेली, फ्लास्कचं झाकण तोंडाला लावलेलं, त्यामुळे चेहरा जवळपास दिसतच नव्हता. मागे टेकडीवर काही तिरके खांब. मागच्या बाजूला काहीच लिहिलेलं नव्हतं. "असेल कोणीतरी, आमच्यासारखे पुष्कळ असायचे फलाटावर," आजोबा म्हणाले होते. मला तो फोटो का टाकवेना, कोण जाणे.

डोंगरातली लाइन

लीड्सहून कार्लाइलला जाणारी गाडी सेटल नावाच्या गावानंतर डोंगरात शिरते. सेटल ते कार्लाइल हा सुमारे 116 किलोमीटरचा मार्ग 1876 मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला. खिडकीतून दिसतं ते असं: हिरवे उघडे डोंगर, दगडावर दगड रचून केलेले बांध, मेंढ्या, आणि मैलोन्‌मैल झाड नाही. मे महिना होता, तरी मी ताईचा कोट घालून बसले होते.

मी आधी रिबलहेडला उतरले. तिथला पूल गाडीतून दिसत नाही, कारण तुम्ही त्याच्यावरच असता. उतरून पायवाटेने खाली गेलात की मग तो समोर येतो. 24 दगडी कमानी, 400 मीटर लांबी, 32 मीटर उंची, आणि आजूबाजूला काहीच नाही, नुसती दलदल आणि वारा. पुलाखाली उभं राहिलं की वारा कमानींतून घुमतो. बोलताच येत नाही.

हा मार्ग बांधायला सुमारे सहा हजार माणसं राबत होती. त्यांच्या झोपड्यांच्या वस्त्या या माळावर होत्या, त्यांना नावं होती जेरिको, जेरुसलेम, सेबास्तोपोल. आता तिथे गवतातले उंचवटे दिसतात, एवढंच. 1871 मध्ये देवीची साथ आली. जवळच्या चॅपल-ले-डेल गावातल्या चर्चच्या आवारात या कामावरची दोनशेच्या आसपास माणसं पुरलेली आहेत, त्यात बायका आणि मुलंही. मला आपला बोरघाट आठवला. तो 1863 मध्ये सुरू झाला, या मार्गाच्या तेरा वर्षं आधी, आणि तो बांधतानाही साथींनी कितीतरी मजूर गेले. त्यांच्या नावांचा दगड मी खंडाळ्याला कधी पाहिलेला नाही.

हा पूलच पुढे या मार्गाच्या जिवावर उठला होता. 1963 मध्ये डॉ. बीचिंग यांचा प्रसिद्ध अहवाल आला. रेल्वे तोट्यात आहे, म्हणून 2,363 स्टेशनं बंद करा, असं त्यात सुचवलं होतं. त्यानंतर गावोगावचे छोटे मार्ग उखडले गेले. आजोबांच्या खोक्यातली कितीतरी स्टेशनं आज अस्तित्वातच नाहीत. एका ठिकाणी दुकान झालंय, एका ठिकाणी सायकलचा रस्ता. ती स्टेशनं आता फोटोंतच सापडतात. सेटल-कार्लाइल मार्गावर 1970 मध्ये बहुतेक स्टेशनं बंद झाली आणि 1980 नंतर पुलाच्या दुरुस्तीचा खर्च परवडत नाही म्हणून सगळा मार्गच बंद करायचं ठरलं. तेव्हा लोक उठले. हजारोंनी हरकती नोंदवल्या. त्यात एका कुत्र्याचीही हरकत होती, पंजाच्या ठशासह! रस्वार्प त्याचं नाव, आणि त्याचा मालक ग्रॅहम नटल हा या लढ्याच्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक. 1989 च्या एप्रिलमध्ये सरकारने माघार घेतली आणि मार्ग वाचला. पुढच्याच वर्षी जानेवारीत नटल वेल्सच्या डोंगरात फिरायला गेले ते परतले नाहीत. एप्रिलमध्ये त्यांचा मृतदेह सापडला तेव्हा हा म्हातारा कुत्रा त्यांच्याजवळ होता, अकरा आठवडे थंडीत तिथेच बसून. गार्सडेल स्टेशनच्या फलाटावर त्याचा ब्राँझचा पुतळा आहे.

रिबलहेडहून पुढच्या गाडीने डेंट. मध्ये अडीच किलोमीटरच्या जवळपास लांबीचा बोगदा लागतो आणि बाहेर पडलं की एकदम खोल दरी. डेंट हे इंग्लंडमधलं मुख्य मार्गावरचं सर्वांत उंच स्टेशन, 350 मीटरवर. गंमत म्हणजे डेंट हे गाव स्टेशनापासून सहा-सात किलोमीटर लांब आहे, खाली दरीत. माझ्याशिवाय तिथे कोणी उतरलं नाही. गाडी गेली आणि मग इतकी शांतता, की मला माझ्या कोटाचा आवाज येत होता.

कोल्हापूरचा फोटो काढून मी फलाटावर मागे-पुढे होत राहिले, इमारतीचा कोपरा जुळेपर्यंत. जुळला. दगडी इमारत तशीच, आता ती खासगी मालकीची आहे. मी तोच फोटो काढला, फक्त माझ्या फोटोत समोरून काही येत नव्हतं.

मग मी मागे वळले आणि टेकडीकडे बघितलं. तिथे वाकलेल्या, कुजत चाललेल्या लाकडांची एक ओळ होती. रुळांवर बर्फ घसरून येऊ नये म्हणून जुने स्लीपर उभे गाडून केलेलं कुंपण. मी दुसरा फोटो काढला. तो बाकावरचा मुलगा. त्याच्या मागचे तिरके खांब.

तेच ते. हा फोटोही डेंटचाच होता.

फ्लास्क

रात्री साडेआठला मी परस्पर आजोबांकडेच गेले. अजून उजेड होता, तिकडे मे महिन्यात असतोच. माझ्या फोनमधला फोटो आणि त्यांचा जुना फोटो शेजारी शेजारी ठेवले. "खांब बघा," म्हटलं. "हा डेंटचा फलाट आहे."

ते बराच वेळ बघत राहिले. मग भिंग घेतलं. मग म्हणाले, "डेंट असेल तर फ्लास्क आईचा आहे."

आणि मग एकेक करून सगळं आलं. त्या शनिवारी ते एकटे गेले नव्हते. धाकटा भाऊ बरोबर होता. त्याला इंजिनांत काडीचाही रस नव्हता. तो सँडविचसाठी आला होता. कोल्हापूर येऊन गेली, फोटो झाला, आणि रोलमध्ये शेवटचा एक फोटो उरला. तो संपवायचा म्हणून त्यांनी कॅमेरा भावाकडे वळवला. भावाने "माझ्यावर कशाला वाया घालवतोस" असं म्हणून झाकण तोंडाला लावलं.

भाऊ जाऊन खूप वर्षं झाली. खोक्यात सहाशेच्या वर फोटो होते, आम्ही मोजले होते. भावाचा तेवढा एकच.

मी विचारलं, "मागे काय लिहू?" त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि स्वतः लिहिलं. हात थरथरत होता. मी वाचलं नाही.

या छंदातल्या माणसांबद्दल मी नंतर बरंच वाचलं. त्यातले एक एरिक ट्रेसी. हे वेकफील्डचे बिशप, म्हणजे चर्चमधले मोठे धर्मगुरू, आणि तेवढेच मोठे रेल्वे फोटोग्राफर. 1978 च्या मे महिन्यात ते याच मार्गावरच्या ॲपलबी स्टेशनवर वाफेच्या इंजिनाची वाट बघत उभे होते आणि तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांचे बारा हजारांवर फोटो यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहेत. ते वाचून मी आजोबांना विचारलं होतं, तुमचे फोटो तिथे द्यायचे का? ते म्हणाले, "तिथे माझ्यापेक्षा चांगले आहेत." ते खरंही असेल. पण त्यात बाकावरचा तो मुलगा नसणार.

खोका तिसऱ्या रांगेतून पहिल्या रांगेत गेला. मुलगी न्यायला आली तेव्हा तिने वरच्या वर तो एक फोटो उचलला, उलटा केला, वाचला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मावशीने मला डोळ्यांनी खूण केली, आता घरी चल.

त्याच रात्री मी आईला फोन केला. तिकडे पहाट झाली होती, ती घाबरली. मी म्हटलं, काही झालं नाही, फक्त साडीचा खोका काढ.

माझे आजोबा, खरे आजोबा, महूला मीटर गेजवर गार्ड होते. पातालपाणीचा घाट उतरणाऱ्या गाड्यांवर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. ती लाइन आता बहुतेक उखडली गेली, घाटातला एक तुकडा पर्यटकांच्या गाडीसाठी उरलाय. आजोबांचा नोकरीतला एकच फोटो आमच्याकडे आहे. इंजिनापुढे नऊ माणसं उभी. उजवीकडून दुसरे आजोबा, एवढं आईला माहीत. बाकीचे आठ कोण? आजी होती तोवर कोणी विचारलं नाही. मागची बाजू कोरी.

मी लीड्समध्ये शिकलेलं सगळं आईला सांगितलं. आधी दोन्ही बाजूंचा फोनवर फोटो काढ. लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला. बॉलपेन नको, पुढच्या बाजूला वळ उठतो. आणि नुसतं "महू, बाबा" असं नको, डावीकडून ओळीने नावं लिही. "अगं, पण सांगणार कोण?" आई म्हणाली. मग तिलाच आठवलं की आजोबांच्या हाताखाली लागलेले एक काका अजून महूला राहतात, नव्वदीच्या घरातले.

आई पुढच्या रविवारी फोटो घेऊन गेली. बरोबर पेन्सिल आणि जिलेबी. काकांनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली. एक ड्रायव्हर, एक फायरमन, दोन स्टेशन मास्तर, एक पॉइंट्समन. एक तर रेल्वेतला नव्हताच, फलाटावरचा चहावाला होता, "चल, तूही उभा राहा" म्हणून कोणीतरी ओढून घेतलेला. त्याचंही नाव काकांना माहीत होतं. शेजारचा सडपातळ पोरगा म्हणजे खुद्द काका.

नवव्या माणसापाशी, डावीकडून पहिल्या, ते अडकले. कोळसेवाला असेल म्हणाले, नाहीतर खंडव्याहून बदलून आलेला कोणी. आईने तिथे 1 हा आकडा घालून पुढची जागा मोकळी सोडली आहे. काकांनी सांगितलंय, आठवलं की फोन करतो.